घोड्याचा गुडघा

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

ति. मोठेबाबा,

तुम्हाला नमस्कार, आणि मोठ्या आईला सांगा की तिच्यासारखी वांग्याची भाजी मला अजून जमलेली नाही.

फोन केला की तुम्ही "हो, हो" म्हणता आणि तुम्हाला अक्षरही ऐकू आलेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. चाळीस वर्षं डफड्यांच्या मधोमध नाचल्यावर कान राहणार कुठून? म्हणून हे पत्र. शिवाय जन्मभर दवनीवाड्यात टपाल वाटलेल्या माणसाला पत्र नाही लिहायचं तर कुणाला लिहायचं?

आता कामाचं. आमची कंपनी मोबाइलवर खेळायचे गेम बनवते, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळचा गेम ग्रीक लोकांच्या पुराणातल्या गोष्टीवर आहे. त्यात सेंटॉर नावाचे प्राणी येतात, कमरेच्या वर माणूस आणि खाली घोडा. त्यांना चालवायचं, पळवायचं, वळवायचं काम माझ्याकडं आहे. तीन महिने मी डोकं फोडून घेतलं. खऱ्या घोड्यांचे व्हिडिओ पाहिले, माणसांचे पाहिले, दोन्ही जोडून पाहिले. आमचे साहेब म्हणाले, "हा घोडा कुठला, हा तर टेबलावर बसवलेला माणूस आहे." मला रडूच आलं.

मग मागच्या दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत काढलेला तुमचा व्हिडिओ आठवला. बांबूचा घोडा कमरेला बांधून तुम्ही दंडारीच्या पुढं नाचत चौकात येता, तो. साहेबांना दाखवला. त्यांनी चार वेळा पाहिला आणि म्हणाले, "हा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ.

तर मला सगळं शिकवा. घोडा चालतो कसा, वळतो कसा, उभा राहिला की काय करतो. आणि काळजी करू नका, हे सेंटॉर चांगले आहेत, गोष्टीतल्या नायकाचे सोबती आहेत.

तुमची,
रुचिका


दवनीवाडा, ११ ऑगस्ट

चि. रुचिका,

आशीर्वाद घे. पत्र पोचलं. पाकिटावरचा शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येत नाही. आमच्या काळी असा शिक्का मारला असता तर साहेबानं चार लोकांत इज्जत काढली असती.

तू विचारलं का घोडा चालते कसा. बेटा, घोडा पायानं चालतच नाही. पाय तर माझे, माणसाचे. घोडा चालते कमरेनं. पाय कमी उचलाचे न कमर जास्त हालवाची. नवीन पोरं पाय आपटतात, म्हणून त्यायचा घोडा नाही दिसत, पोरगंच दिसते.

दुसरं, मागचं अंग जड पाहिजे. शेपटीजवळ मी रेतीची लहान थैली बांधतो. हे आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाही, तुझ्या मोठ्या आईलेही नाही, तुलेच सांगून राहिलो. त्या वजनानं मागचं अंग जरासं मागं राहते, न पाहणाऱ्याले वाटते का मागं खरंच दोन पाय आहेत.

तिसरं, वळाचं असन तर आधी नजर वळते, मंग छाती, मंग घोडा. तिन्ही एकदम वळले का लोक हासतात.

शालीकराम पाटलाले सांगितलं का आमचा घोडा आता विलायती गोष्टीत चालणार आहे. तो म्हणे, "पासपोर्ट काढला का घोड्याचा?" जळते तो. दुर्गेश्वरीले सांगून ठेवलं आहे, ती तिच्या मोबाइलवर व्हिडिओ काढून तुले पाठवीन. शेजारची सून आहे पण पोरीवाणी करते आमचं.

चांगले सोबती आहेत ना, मंग चांगले चालव त्यायले.

तुझा मोठेबाबा
हेमराज


पुणे, ७ सप्टेंबर

ति. मोठेबाबा,

चालला! तुमचा घोडा चालला. रेतीच्या थैलीचं गणित कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि मागचं अंग अर्धा क्षण मागं ठेवलं, तर आमच्या खोलीतले सगळे खुर्च्या सोडून माझ्या टेबलाभोवती गोळा झाले. ज्यांच्यासाठी हा गेम बनतो आहे त्या परदेशातल्या लोकांनीही पाहिला. त्यांच्या बाई म्हणाल्या, असा सेंटॉर त्यांनी कधी पाहिला नाही. दुर्गेश्वरीच्या व्हिडिओंनी फार काम केलं, तिला माझा नमस्कार सांगा.

आता एकच गोष्ट राहिली. गोष्टीत एका ठिकाणी सेंटॉर जखमी होतो आणि पडतो. हे पडणं मला जमत नाहीये. माणूस पडला तर कसा पडतो ते मला माहीत आहे, घोडा पडला तर तेही मिळतं, पण दोन्ही मिळून एक अंग कसं पडेल, हे कुठंच सापडत नाही.

तुम्ही घोडा बांधून एकदा पडून दाखवाल का? खाली तणशीची मऊ गादी घालून, हळूच. एकदाच.

तुमची,
रुचिका


दवनीवाडा, १३ सप्टेंबर

चि. रुचिका,

नाही.

तुले माहीत नसन म्हणून सांगतो, नाहीतर तू असं लिहिलंच नसतं. घोडा कमरेले बांधला का मातामायच्या ठाण्यासमोर सोडेपर्यंत त्याचा गुडघा, म्हणजे बांधणाऱ्याचाच गुडघा, जमिनीले लागू द्याचा नसते. लागला तर त्या घरचा घोडा सुटला. मंग तो दुसऱ्या घरी जाते. हा घोडा आधी मनिरामच्या घरी होता. त्याचा आजा पावसात घसरला, न त्याच दिवशी घोडा आमच्या घरी आला. माझा आजा, माझा बाप, मंग मी. मनिराम अजूनही दर मंडईत समोर उभा राहून माझ्या पायाकडंच पाहते. मी त्याले दोष देत नाही.

बाकी काही पाहिजे असन तर सांग.

मोठेबाबा


पुणे, १८ सप्टेंबर

ति. मोठेबाबा,

तुमचं पत्र वाचलं. राग मानू नका, पण स्पष्ट लिहिते.

आम्ही चौघं या कामावर आहोत. दहा नोव्हेंबरला परदेशातले लोक शेवटची तपासणी करणार आहेत. त्या दिवशी सेंटॉर नीट पडला नाही, तर हे काम ते दुसऱ्या देशातल्या कंपनीला देतील आणि आम्हा चौघांना घरी जावं लागेल. तिघांना दुसरीकडं काम मिळेल. मला कोण घेईल? मला येतात फक्त तुमचे घोडे.

आणि मोठेबाबा, तो बांबू आहे. बांबूच्या कमच्या, वर कापड आणि लाकडाचं एक तोंड. मंडई नाही, डफडे नाहीत, मातामायही समोर नाही. अंगणात तुम्ही एकटे असाल. त्याला पडणं तरी कसं म्हणायचं?

तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे. मी मागितलेल्या कोणत्याच गोष्टीला तुम्ही कधी नाही म्हटलं नाही. ही पहिलीच.

रुचिका


दवनीवाडा, १२ ऑक्टोबर

रुचिका बाई,

हे पत्र मी, मोठी आई, सांगते न दुर्गेश्वरी लिहिते. फोनवरच बोलली असती, पण ह्यायचे कान गेले तवापासून हे होठ पाहून सगळं समजतात. चोरून बोलाची सोय नाही राहिली घरात.

तू ह्यायले काय लिहिलं होतं? ते पत्र ह्यायनं कोणाले दाखवलं नाही. दोन दिवस जेवण नीट केलं नाही. मंग एके दिवशी सकाळी बांबू तोडून आणला न दुसरा घोडा करायले बसले. मी म्हटलं, एक आहे ना, दुसरा कायले? तर म्हणतात का त्याले शेंदूर नाही लावाचा, मातामायले दाखवाचा नाही, मंग तो घोडा नाही, नुसता सांगाडा आहे. असं मलेच समजावून राहिले होते का स्वतःले, देव जाणे.

आता मांडवाच्या मागं हलक्या धानाची तणस पसरवली आहे. रोज सकाळी तो सांगाडा बांधतात न पडतात. पडतात, उठतात, पुन्हा पडतात. दुर्गेश्वरी व्हिडिओ काढते. पंचवीस झाले म्हणते. मी म्हटलं, पुरे करा आता, सत्तरीले आले तुम्ही. तर म्हणतात का अजून बरोबर नाही झालं, मागचं अंग आधी गेलं पाहिजे.

पहिल्यांदा पडले ना, तवा उठल्यावर त्या सांगाड्याच्या तोंडावर हात फिरवला न काहीतरी बोलले. मी दूर होती, ऐकू आलं नाही.

मले शपथ घातली आहे का रुचिकाले सांगू नको. म्हणून मी सांगत नाही, लिहून देऊन राहिली आहे.

तुझी मोठी आई
फुलवंता


पुणे, १८ ऑक्टोबर

ति. मोठेबाबा,

व्हिडिओ आले. सगळे पाहिले. पहिले वीस पाहून काही कळलं नाही, पण सव्विसावा पाहिला आणि अंगावर काटा आला. मागचं अंग आधी कोसळतं आणि वरचा माणूस अजून समोरच पाहत असतो, त्याला खबरच नसते. मग छाती जाते, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. हेच पाहिजे होतं. कुठल्या पुस्तकात हे नाही. मी कामाला लागले आहे, दिवाळीलाही इथंच आहे.

तुम्ही हे केलंत, आणि मी ज्या शब्दांत मागितलं ते आठवून मला लाज वाटते.

पण एक विचारते, खरं सांगा. आम्ही व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहतो, एका सेकंदाची तीस चित्रं. तेविसाव्या व्हिडिओपर्यंत उठताना तुमचे दोन्ही पाय एका लयीत येतात. चोविसाव्यापासून डावा पाय मागं राहतो. आधी दोन चित्रं, मग चार, एकतिसाव्यात तर अकरा. डोळ्यांना दिसत नाही, मला दिसतं. गुडघ्याला काय झालंय?

तुमची,
रुचिका


दवनीवाडा, २६ ऑक्टोबर

चि. रुचिका,

पायाले काही झालं नाही. चित्रं मोजून डॉक्टर होता येत नाही. नऊ तारखेले मंडई आहे, मी घोडा बांधून राहिलो, न नेहमीसारखाच बांधीन.

आता माझं ऐक. भाऊबीजेच्या दिवशी ओमेश घरी आला, चौकात मोबाइलचं दुकान आहे त्याचं. म्हणे, "काका, तुम्ही मोबाइलात आले." तुमच्या त्या गेमची जाहिरात आली आहे म्हणते. दाखवली. डोंगरातून घोडमाणसं धावत येतात, वीस-पंचवीस. चाल पाहिली न मी लगेच ओळखली, माझीच चाल. नजर, मंग छाती, मंग घोडा. एकालेही मी परका म्हणालो नसतो. न समोरून एक गोरा पोरगा येते, भाला मारते, न मी पडतो, पडणं तेवढं अजून जुनंच, लाकडावाणी. मंग दुसरा मी येतो, तोही पडतो. ओमेशनं मोजलं, नऊ वेळा मेलो.

ते सोबती नाहीत. ते दुश्मन आहेत.

तू खोटं काऊन बोलली?

तुले वाटलं असन का म्हातारा नाराज होईन, आपल्याले दुश्मन केलं म्हणून. बेटा, अकरा वर्षं मी दंडारीच्या खेळात राक्षस झालो. दर साली मेलो. राक्षस मेल्याबिगर दंडार संपत नाही, लोक घरी जात नाहीत. मारणाऱ्याले टाळ्या पडतात, पण मरणारा कच्चा असन तर मारणाराही जोकर दिसते. मरायची लाज मले कवाच नव्हती. तू सरळ लिहिलं असतं का मोठेबाबा, दुश्मन पाहिजे, तर मी अजून चांगला दुश्मन करून दिला असता. सोबती म्हणून चाललो, म्हणून त्यायच्या चालीत दम कमी आहे. पाहून घेजो.

शालीकरामले मी सोबती सांगितलं होतं. आता त्यानंही पाहिलं. ते जाऊ दे.

पण तू माझ्याशी खोटं बोलली. इतकी वर्षं लोकायची पत्रं वाटली, कोणाच्या घरात काय चाललं ते पाकीट हातात घेतलं का समजे. तुझं पाकीट मात्र मले समजलं नाही.

मोठेबाबा


पुणे, १ नोव्हेंबर

ति. मोठेबाबा,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवते आहे. पाचपर्यंत पोचेल. पोचलं की लगेच वाचा, हात जोडते.

खोटं बोलले. तुम्ही चावडीवर अभिमानानं सांगाल आणि लोक हसतील, याची भीती वाटली. मग पहिल्या खोट्याला सांभाळायला दुसरं बोलले. "जखमी होतो" असं लिहिलं, "मारतात" असं लिहायची हिंमत झाली नाही. माफी मागते. पण माफ करा किंवा नका करू, त्याहून मोठी गोष्ट आज दुसरी आहे.

नऊ तारखेला घोडा बांधू नका.

दुर्गेश्वरीकडून मी तुमचा नुसता चालतानाचा व्हिडिओ मागवला, तुम्हाला न सांगता. विहिरीवरून घरी येतानाचा. डावा गुडघा आत वळतो आहे, मोठेबाबा. वळताना तुम्ही त्याच्यावर भार देतच नाही, उजव्यावर गिरकी घेता. मंडईत तुम्ही चौकात तीन फेऱ्या मारता, दोन उजवीकडून आणि एक डावीकडून. डावीकडच्या फेरीत सगळं वजन त्या गुडघ्यावर येईल, वर घोड्याचं, मागं रेतीचं. मी कॉम्प्युटरमध्ये तो गुडघा आणि ते वजन घालून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमचा पाय एकदाही टिकला नाही. मी खोटी असेन, हे खोटं नाही.

मोठ्या आईला फोन केला. ती म्हणते, त्यायले सांगून आजवर कोणाचं भलं झालं? पाटलांना फोन केला, ते म्हणतात, हेमराज म्हणते ठीक आहे तर ठीकच असेल. मी स्वतः आले असते, पण दहाला सकाळीच तपासणी आहे, ते मला सोडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही सगळं टाकून निघत नाहीये. हेही लिहून ठेवते, म्हणजे यात तरी खोटं राहणार नाही.

या वर्षी आजारी पडलो म्हणा. घोडा घरातच राहू द्या. न नाचल्यानं घोडा सुटतो, अशी काही रीत नाही ना? चौकात पडलात तर तीन पिढ्यांचा घोडा जाईल, आणि तो मी घालवलेला असेल.

रुचिका


दवनीवाडा, १३ नोव्हेंबर

चि. रुचिका,

आशीर्वाद. दुर्गेश्वरीनं तुले फोन केला म्हणते, तू खूप रडून राहिली होती. आता रडणं बंद कर न हे बसून वाच. मी खाटेवर आहो, पायाले पट्टी आहे, गोंदियाच्या डॉक्टरनं दीड महिना उठू नको म्हटलं. बाकी बरा आहो. तुझी मोठी आई दिवसभर बोलून राहिली आहे न मी तिच्या होठाकडं पाहतच नाही, तेवढाच आराम.

तुझं स्पीड पोस्ट पाच तारखेलेच आलं. वेळेवर आलं. मी उघडलं नाही. आत काय आहे ते या वेळी पाकिटावरूनच समजलं होतं. मंडई झाल्यावर उघडलं. तू लिहिलं ते अक्षर न अक्षर खरं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. मले डफडे ऐकू येत नाही, छातीत लागतात फक्त. तिसरी फेरी डावीकडून घेतली न वळतानाच पाय गेला. दुखलं नाही, नुसता गेला, माझा नाहीच असा. समोर मनिराम उभा होता. त्यानं पाहिलं, न त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात मले समजलं का मागचं अंग चाललं.

इथं मी तुले सांगतो ते नीट ऐक. मागचं अंग जाते न पुढच्या माणसाले अजून वेळ असते. हे मले कोणी शिकवलं नाही, तणशीवर एकतीस वेळा पडून शिकलो. त्या वेळात मी घोडा बांधलेल्या कमरेच्या दुपट्ट्याची गाठ ओढली न घोडा दोन्ही हातानं डोक्यावर उचलला. मी गुडघ्यावर पडलो, मंग कुशीवर पडलो, पण हात वर ठेवले. घोडा खाली नाही आला. मनिराम धावला न त्यानं तो माझ्या हातातून वरच्या वर घेतला. छातीतलं लागणं बंद झालं, तवा समजलं का डफडे थांबले.

मनिरामच तो घोडा मातामायपर्यंत घेऊन गेला, हातात धरून. शालीकरामनं तिथंच सगळ्यायच्या समोर सांगितलं, "माणूस पडला, घोडा नाही पडला. घोडा हेमराजच्याच घरी राहीन." सगळ्यायनं मान्य केलं. मनिरामनंही मान हालवली.

तुझ्याच कामापायी पाय गेला, न तुझ्याच कामानं घोडा वाचला. तीन दिवस खाटेवर पडून विचार करून राहिलो का तुले शिवी देऊ का शाबासकी. अजून ठरलं नाही.

पण एक ठरलं. काल मनिरामले घरी बोलावलं न घोडा त्याले देऊन टाकला. तो घेत नव्हता. म्हणे, "काऊन देता? घोडा तर पडलाच नाही." मी म्हटलं, पडला. तू पाहिलं नाही. मांडवाच्या मागं पडला, एकतीस वेळा पडला. शेंदूर नाही लावला म्हणून तो घोडा नाही, असं मी स्वतःले समजावलं होतं, पण पहिल्यांदा पडलो तवाच मी त्याची माफी मागितली होती. नुसत्या बांबूची कोणी माफी मागते का? मंग मनिरामनं घोडा घेतला. जाताना माझ्या पाया पडला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे तो.

तुझी तपासणी झाली, न ती परदेशातली बाई खुर्चीतून उठून उभी राहिली म्हणते. न तू आता तो पडणारा घोडा गेममधून काढून टाकते म्हणते, दुसरं काहीतरी करीन म्हणते, काम गेलं तरी चालन म्हणते. दुर्गेश्वरीनं सांगितलं मले.

खबरदार काढला तर. त्याच्यापायी आमचा घोडा गेला आहे, तो फुकट नाही गेला पाहिजे. जगातल्या पोरायले मारू दे त्याले जेवढा मारायचा तेवढा. पण पडताना तोंड सगळ्यात शेवटी पडू दे, न हात वर राहू दे. तेवढं नीट कर.

तुझा मोठेबाबा
हेमराज